सरकी लागली तर सांगा

माझी सासू पुष्पाबाई एका जागी निवांत बसलेली मी लग्न होऊन आल्यापासून फारशी पाहिलेली नाही. भाकरी थापतानाही तिचं लक्ष दाराकडे असतं. चोपड्याजवळच्या आमच्या गावात ती आशाताई आहे. घरात आम्ही तिला अक्का म्हणतो. कुणाची लस चुकली, कुणाला दिवस गेले, हे तिला त्या घरच्यांच्या आधी कळतं. मला कधी कधी रागच येतो. इकडे चहा गार होतो आणि ही बाई तिसऱ्या गल्लीत.

तीन वर्षांपूर्वी तिला स्तनाच्या कॅन्सरबद्दल बायांना सांगायचं प्रशिक्षण मिळालं, सोबत चित्रांचा तक्ता. पहिल्याच बैठकीत चौथं पान उलटलं आणि बाया पदरात तोंड घालून हसायला लागल्या. दोघी उठूनच गेल्या. त्या पानावर उघड्या छातीची चित्रं होती: कातडीला पडलेला खळगा, आत ओढलं गेलेलं टोक. अक्कानं ते पान कायमचं दुमडलं आणि स्वतःची युक्ती काढली. कापसाच्या गोळ्यात एक सरकी लपवायची, वरून फडकं बांधायचं आणि गोळा हातोहात फिरवायचा. आमच्या बायांची बोटं कापूस वेचून तयार झालेली, डोळे मिटून त्या सरकी हुडकायच्या. महिन्यातून एकदा, पाळी झाल्यावर, अशीच बोटं स्वतःच्या छातीवर फिरवा, सरकी लागली तर सांगा, मग ती दुखो वा न दुखो. एवढंच तिचं शिक्षण. बैठकीला बसायला जागा पुरेना आणि अक्काही जरा हवेत गेली.

तिची सगळ्यात गुणी विद्यार्थिनी म्हणजे तिची थोरली जाऊ, द्वारकाबाई. वय अठ्ठावन्न, पाळी कधीच गेलेली, म्हणून त्यांनी तपासायला महिन्याची पहिली एकादशी धरलेली. त्या दिवशी निरोप यायचा, बठ्ठं ठीक शे, सगळं ठीक आहे.

गेल्या श्रावणात एका रविवारी त्यांच्या घरी कानबाई, आमच्याकडची देवी, बसली. पहाटे अंघोळी करून आम्ही सगळ्या जावा-सुना आतल्या खोलीत लुगडी नेसत होतो. द्वारकाबाईंनी फळीवरची परात काढायला हात वर केले आणि अक्का तिथंच थबकली.

"बाई, हाऊ खळगा कव्हयना शे?"

"चैतपाईन. पन सरकी नही लागस," द्वारकाबाई शांतपणे म्हणाल्या. "तूच सांगेल ना, सरकी लागनी तं सांगजो."

अक्काचा चेहरा मी तेव्हा पाहिला.

ती तशीच बाहेर गेली आणि गिरधरनानांना, म्हणजे द्वारकाबाईंच्या नवऱ्याला, म्हणाली की उद्या जळगावला नेते. नानांनी नकारार्थी मान हलवली. आमच्या भावकीत कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, संपेपर्यंत कुणी गाव सोडत नाही आणि रोट बाहेरच्याला देतही नाहीत. "रोट सरू दे. चार दिनमा काय बिघडी जास?" द्वारकाबाईही नवऱ्याच्याच बाजूच्या. देवीचं मोडून मी येणार नाही, म्हणाल्या.

अक्का अंगणात नुसत्या येरझारा घालत होती. चैत्र, वैशाख, बोटांवर महिने मोजायची, परत पहिल्यापासून मोजायची. मग एकदम आत आली आणि पानं मांडायला लागली. "बठ्ठाजन बसा जेवाले. रोट उद्या रातले सरनाच पाहिजे."

ते दोन दिवस आम्ही जन्मात विसरणार नाही. रोट, गंगाफळाची भाजी, खीर, पुन्हा रोट. अक्का वाढत होती, दटावत होती, मधूनच उभ्यानं स्वतः खात होती. पोरं रडकुंडीला आली. नाना आधी रागावलेले होते, पण सोमवारी संध्याकाळी काय झालं कोण जाणे, त्यांनी ताट पुढं ओढलं आणि मुकाट्यानं एकामागून एक पाच रोट खाल्ले. शेवटचा तुकडा त्यांनीच संपवला. मंगळवारी पहिल्या एसटीनं आम्ही तिघी निघालो.

जळगावला मॅमोग्राफी झाली, सुई टाकून तपासणी झाली. आठ दिवसांनी निकाल घ्यायला आम्ही पुन्हा गेलो. कॅन्सरच होता. गाठ खोल होती, बोटांना लागणारी नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चैत्रात आला असतात तर सोपं गेलं असतं. पण अजून वेळ गेलेली नाही.

परतीच्या एसटीत अक्का खिडकीकडे तोंड करून रडत होती. "मनी चुकी व्हयनी, बाई. मी ते पान दखाडंच नही."

द्वारकाबाईंनी अक्काच्या पाठीवरून हातही फिरवला नाही. चोपडा जवळ आल्यावर म्हणाल्या, "मंग आते दखाड. मनं नाव लईसन दखाड."

ऑपरेशन झालं, औषधं चालू आहेत. डोक्याला रुमाल बांधून द्वारकाबाई पुढच्या बैठकीला आल्या आणि दुमडलेलं चौथं पान त्यांनी स्वतःच्या हातानं उलगडून धरलं. कुणी हसलं नाही. एकीनं मात्र विचारलं, बघायचं कशात? खरंच होतं. आमच्याकडे घरटी एकच आरसा, तोही पुरुषांच्या दाढीच्या उंचीवर.

त्या संध्याकाळी गिरधरनानांनी आपला आरसा खिळ्यावरून काढला, आतल्या खोलीत हातभर खाली दुसरा खिळा ठोकला आणि तिथं लावला. आता ते रोज सकाळी गुडघे वाकवून दाढी करतात. कंबर दुखते म्हणून कुरकुरतात, पण आरसा वर घेत नाहीत.