राउटरचा दोष नव्हता

सूनबाई माहेरची इंदापूरची. इथं पणदऱ्यात आमच्या वरच्या खोलीत बसून ती पुण्याच्या ऑफिसचं काम करते. ऐन मीटिंगमध्ये तिचं चित्र गोठायचं. पुन्हा असं झालं तर काम बंद, असं साहेबानं बजावलं. मुलानं बारामतीतून स्वस्तातला राउटर आणला, म्हणून दोघांत कडाक्याचं भांडण झालं.

मी खाली बसून ऐकलं. भजनी मंडळाचे जुने व्हिडिओ मी खालच्या कॉम्प्युटरवरून वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर वायफायनं पाठवत होतो. ते जाऊ लागले की घरातलं सगळं अडखळायचं. हे मला ठाऊक होतं, तरी धीर निघत नव्हता. व्हिडिओ किती गेले ते दाखवणारी स्क्रीनवरची पट्टी किती सरकली ते बघायला सारखा उठायचो.

एका दुपारी ती गच्चीत, भर उन्हात, लॅपटॉपवर ओढणी धरून मोबाईलच्या नेटवर साहेबाशी बोलताना दिसली. मी खाली गेलो, पुन्हा वर आलो. तिचं बोलणं संपल्यावर म्हणालो, "राउटर चांगला हाय. तुझं नेट मी खातोय. माझे व्हिडिओ."

"व्हय आबा? आणि मी एवढे दिवस त्यांना फैलावर घेतेय!"

संध्याकाळी तिनं खिडकीतून वायर सोडून दोन्ही कॉम्प्युटर जोडले. व्हिडिओ वायरमधून जाऊ लागले, नेट सुरळीत झालं. मुलाला मात्र तिनं माझं नाव न घेता सांगितलं, "राउटरचं बटण बिघडलं होतं."

मुलगा अजून दुकानदाराला नावं ठेवतो. म्हणून हे लिहून त्याच्या टेबलावर ठेवतोय.