पिकअपचं डावं दार

किस्से कुणी गोळा करत नाही हो, ते आपोआप साठतात. मी केज तालुक्यातल्या एका दूध संस्थेत क्लार्क म्हणून उभी हयात काढली. दुधाचं संकलन कधी जास्त, कधी कमी. दुष्काळात तर कॅनच्या बुडाशी. किश्श्यांचं संकलन मात्र एक दिवसही बंद पडलं नाही. त्यातले निम्मे आमच्या जुन्या पिकअपचे, आणि त्यातलेही बहुतेक तिच्या डाव्या दाराचे.

*

संस्थेचा सुवर्णमहोत्सव ठरला. मिरवणुकीत सगळ्यात पुढं संस्थेची पहिली गाडी पाहिजे, असं चेअरमन अण्णांच्या मनात आलं. गाडी शेडमागे कित्येक वर्षं उभी होती. इंजिन कसंबसं चालू झालं. पण दारांची आतली बाजू बघवत नव्हती. रेक्झिन फाटलेलं, त्याखालचा पुठ्ठा फुगलेला, काच खाली करायच्या हँडलच्या जागी पाना अडकवलेला. अण्णा आत बसले, डावं दार ओढलं, तर ते खडखड वाजलं.

"ह्ये छावणीच्या साली बी असंच वाजत हुतं," अण्णा म्हणाले. "आधी ह्येला गप करा."

दारं बाबू मिस्त्रीकडं सोपवली. गाड्यांच्या कुशनचं आणि रेक्झिनचं काम करण्यात त्याचा हात धरणारा केजमध्ये कुणी नव्हता.

*

मिस्त्रीनं विचारलं, "रेक्झिनचा मूळचा रंग कोणता हुता?"

सहकारी संस्थेत साधा प्रश्न असा नसतोच. तो विषयपत्रिकेवर जातो. सभेत अण्णांच्या गटाला आठवलं की रेक्झिन लाल होतं. विरोधी गटाला शपथेवर आठवलं की हिरवं होतं. दोन तास चर्चा झाली आणि ठराव मंजूर झाला: उजवं दार लाल, डावं हिरवं.

मी ठराव घेऊन दुकानात गेलो. मिस्त्रीनं तोवर कडेची घडी सोडवून ऊन न लागलेला तुकडा काढला होता. तो चक्क निळा होता.

"आता उशीर झाला," मी म्हणालो. "ठराव झालाय."

*

छावणीचं साल म्हणजे कोणतं, ते सांगतो. एका मोठ्या दुष्काळात संस्थेनं गुरांसाठी चारा छावणी चालवली होती. चाऱ्याच्या प्रत्येक चिठ्ठीवर संस्थेचा शिक्का लागायचा. एका सकाळी तो शिक्काच गायब झाला. शिक्का नाही म्हणून चिठ्ठी नाही, आणि चिठ्ठी नाही म्हणून चारा नाही. समोर कडब्याची गंज आणि तिच्याकडं बघत हंबरणारी गुरं.

एक शेतकरी मला म्हणाला, "भाऊसाहेब, माझ्या बैलाला वाचता येत न्हाई. त्येला बिगर शिक्क्याचा कडबा बी चालंल."

त्याचं बरोबर होतं, पण मी ते इतिवृत्तात घेतलं नाही.

*

शिक्का सगळीकडं शोधला. गंजी उपसल्या. एखाद्या म्हशीनं गिळला असेल म्हणून तीन संचालकांची शेण तपासणी उपसमिती नेमली. तिचा अहवाल अजून यायचा आहे.

केजचा शिक्केवाला नेमका लग्नाला गेलेला. म्हणून नवा शिक्का करायला आम्ही धारूरला निघालो, त्याच पिकअपमधून. चालवायला धोंडिबामामा, मधे मी, डावीकडं अण्णा. खड्ड्याखड्ड्याला दार असं वाजायचं की बोललेलं ऐकू येईना.

"धोंडिबा, ह्या दाराचं कायतरी कर की रं," अण्णा सारखे ओरडत होते.

*

हे धोंडिबामामा संस्थेचे ड्रायव्हर. हरवायच्या आदल्या संध्याकाळी शिक्का गाडीतच अण्णांच्या हातात दिला, असं ते सांगत होते. अण्णा म्हणत होते, दिलाच नाही. चेअरमन आणि ड्रायव्हर यांत खरं कोणाचं ठरणार? मामांकडून गाडी काढून घेतली. पुढं गाडी मोडीत निघाली, तेव्हा तिचं सामान चोरीला जाऊ नये म्हणून राखणदार नेमायचा होता. नेमला कोण? मामाच! ज्याला चोर ठरवला त्यालाच राखणीला बसवणारी आमची एकमेव संस्था असेल.

मामा यावर कधी हसले नाहीत. गावात कुणाचं काही हरवलं की लोक आधी त्यांच्याकडं बघायचे. लग्नात ते आहेराच्या जवळपासही फिरकत नसत. मला फार वाईट वाटायचं, पण मीही कधी तोंड उघडलं नाही. त्याची लाज आजही वाटते.

*

आता शेवटचा. अण्णा आणि मी दुकानात असताना मिस्त्रीनं डाव्या दाराचा पुठ्ठा उचकटला आणि दाराच्या पोटात हात घातला. आधी एक कंगवा निघाला, मग चुन्याची डबी.

"आरं, ही तर माझी डबी," अण्णा खुशीत म्हणाले.

त्यानंतर लाकडी मुठीचा शिक्का निघाला. काचेच्या फटीतून कधीतरी आत पडलेला. अण्णांनी चुन्याची डबी परत खाली ठेवली.

तातडीची सभा झाली. शिक्का हरवल्याची नोंद इतिवृत्तात असल्यामुळं तो सापडला असं धरता येणार नाही, असा ठराव झाला. मग तो ताब्यात कुणी घ्यायचा? कुणीच हात लावेना.

"हरवलेलाच हाय न्हवं," उंबऱ्यात उभे असलेले मामा म्हणाले. "मंग ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी."

मिरवणुकीच्या सकाळी मामा धुवट कपडे घालून माझ्या टेबलाशी आले आणि शाईचं पॅड मागितलं. मी पुढं केलं. त्यांनी शिक्का स्वतःच्या उजव्या हाताच्या पाठीवर उमटवला, फुंकर घालून वाळवला. मग मांडवाच्या तोंडाशी उभं राहून येणाऱ्या प्रत्येक सभासदाला हात जोडून रामराम घातला. जांभळा शिक्का सगळ्यांनी बघितला.

शेवटी अण्णा आले. त्यांनी मामांचा हात बघितला, गाडीकडं बघितलं. मग स्वतः जाऊन हिरवं दार उघडून धरलं.

"बसा, धोंडिबा," ते म्हणाले.

मामा गाडीला वळसा घालून उजवीकडं गेले, ड्रायव्हरच्या जागी बसले आणि स्टिअरिंग धरलं.

"तुमीच बसा, अण्णा," ते म्हणाले. "फकस्त काचंपाशी काय ठिवू नका."