मुलगी कुठल्या जागी खेळते?

सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागात आमच्याच मजल्यावर एक अमेरिकन बाई राहायला आली. इथल्या महिला फुटबॉल लीगमध्ये ती फॉरवर्ड होती. मी कोल्हापूरचा, पेठांच्या सामन्यांसाठी कॉलेज बुडवलेला माणूस. लिफ्टमध्ये तिच्या खांद्यावर लटकणारे बूट दिसले आणि मी बोलतच सुटलो.

तिनं तिशी ओलांडली होती. कॉलेजकडून ती चांगली खेळली, पण तिकडच्या मोठ्या क्लबांनी घेतलं नाही, म्हणून स्वीडनला गेली. तिथं गोल केले, गुडघा दुखावून घेतला. पुढे पोर्तुगालमध्ये एका क्लबनं तिला बाकावरच बसवून ठेवलं. सिंगापूरला ती शेवटचा प्रयत्न म्हणून आली होती. सकाळी लहान मुलांना शिकवायची, संध्याकाळी सराव.

मी तिच्या सामन्यांना जायला लागलो. प्रेक्षक जेमतेम, त्यात मी एकटाच कोल्हापुरी थाटात ओरडायचो. रात्री जेवताना तिच्या गोलचं रसभरीत वर्णन करायचो. माझी पंधरा वर्षांची मुलगी मान खाली घालून ऐकायची.

एकदा सामना संपल्यावर ती अमेरिकन मला म्हणाली, "तुमची मुलगीही शाळेच्या टीममध्ये आहे ना? कुठल्या जागी खेळते?"

मी ठोकून दिलं, "फॉरवर्ड."

"हो? मला तर ती डिफेंडर आहे म्हणाली होती."

ती हसली नाही. बुटांच्या नाड्या सोडत राहिली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मुलीनं मला दोनदा विचारलं होतं, "बाबा, फ्रायडेला मॅच आहे, यू कमिंग?" दोन्ही वेळा मी ऑफिसचं सॉफ्टवेअर रिलीज पुढे केलं. ते खोटं नव्हतं. पण तसलंच रिलीज सोडून मी या बाईच्या सामन्याला गेलो होतो. तिनं गोल चुकवला तरी मला तिच्या गणिताची काळजी करावी लागत नव्हती. मुलीच्या हातात बॉल दिसला की मला आधी तिचे मार्क आठवायचे.

घरी येऊन मी विचारलं, "तू डिफेन्सला खेळतेस?"

"टू इयर्स झाली, बाबा."

"पुढची मॅच कधी? मी येतो."

"यू डोंट हॅव टू लह," इथल्या पोरांसारखं शेवटी 'लह' लावत ती म्हणाली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्याच महिन्यात अमेरिकनला तिकडच्या, तिच्या राज्यातल्या एका छोट्या क्लबनं बोलावलं. निघताना तिनं माझ्याशी हात मिळवला आणि मुलीला घट्ट मिठी मारली. त्या क्लबकडून तिचा घरच्या मैदानावरचा पहिला सामना आम्ही दोघांनी रविवारी सकाळी लॅपटॉपवर पाहिला. शेवटची काही मिनिटं तिला मैदानात उतरवलं, बॉल फारसा मिळालाच नाही. मुलगी म्हणाली, "शी इज हॅपी. बघा ना, कशी पळतेय." त्या क्लबकडून दोन मोसम खेळून तिनं बूट कायमचे काढले; आता तिथंच मुलींना शिकवते.

ती अमेरिकेला गेल्यावर थोड्याच दिवसांत मुलीच्या शाळेचा सामना आला होता. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. बाकीचे आईबाप एकमेकांना नावानं ओळखत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमची कोणती?" मी बाकाकडे बोट दाखवलं. घोट्याला पट्टी बांधून ती तिथं बसली होती. मला पाहून तिनं हात उचलला आणि अर्ध्यातच खाली घेतला.

बसमध्ये ती म्हणाली, "यू केम ऑन द राँग डे लह."

"पुढच्या वेळी नक्की."

"नेक्स्ट टाइम नाही, बाबा. लास्ट मॅच होती. पुढच्या वर्षी एक्झाम, तुम्हीच म्हणालात ना, टीम सोड."

म्हणालो होतो. "भूक लागलीय?" एवढंच विचारलं. तिनं मान डोलावली. आम्ही वाटेत बेडोकला उतरलो. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, मी तिच्यासाठी नूडल्स आणायला रांगेत उभा राहिलो, आणि तिला तिखट चालतं की नाही, हे मला वळून तिलाच विचारावं लागलं.