दहा मिनिटांची बॅटरी

“भाऊ, हे आत्ताच्या आत्ता नीट करून द्या. सहाला पोरगी वाट बघंल.”

निरगुडसरच्या कमलबाईंनी लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला. मंचरला माझं दुरुस्तीचं दुकान. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत प्रत्येक गिऱ्हाइकाला घाई असायची. मी म्हटलं, “बाई, फोन करा की तिला.”

“सुजाता बहिरी हाय, भाऊ. पुण्याला नोकरी करती. आमी ह्याच्यातच बघून हातानं बोलतो. काल म्हणली, पोटात लई दुखतंय. डाक्टर काय म्हणला ते सांगाया लागली, अन् हे काळं झालं. मला वाचाया येत न्हाई, न्हाईतर मेसेज तरी बघितला असता.”

मी चार्जर लावून काम सुरू केलं. बॅटरी शंभर टक्के भरलेली दिसत होती, पण चार्जर काढताच दहा मिनिटांत तिनं मान टाकली.

“घरी कसा ठेवता हा?”

“लाइटीचा काय भरवसा? दिसभर चार्जिंगलाच. वर रुमाल, मीच विणलाय. टीव्हीवर हाय तसाच.”

तिथंच घात झाला होता. लिथियमची बॅटरी काठोकाठ भरलेली आणि गरम अशी महिनोन्‌महिने राहिली, की आतली रसायनं झिजतात. वीज साठवायची जागाच कमी होत जाते. पडद्यावरचे शंभर टक्के हे त्या उरलेल्या जागेचे. हंडा तेवढाच, पण आत निम्मा गाळ. बाईंनी जिवापाड जपली, म्हणूनच ती लवकर म्हातारी झाली. हे त्यांना तेव्हा सांगायचा धीर मला झाला नाही.

नवी बॅटरी पुण्याहून मागवावी लागणार होती. तोवर चार्जर लावूनच भागवायचं होतं, त्यात वीज गेली. शेजारच्या कापडदुकानात जनरेटर होता, पण मालक पोपटशेठ रोज दिवस मावळायच्या आत घरी जायचे. मी पोचलो तेव्हा शटर अर्धं खाली आलं होतं. मी अडचण सांगितली.

“वायर टाक,” शेठ म्हणाले.

“किती वेळ लागेल सांगता येत नाही, शेठ.”

“मी विचारलं का?”

सहाला सुजाता पडद्यावर आली. तिचे हात भराभर चालले. बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

“पित्त हाय म्हणं नुसतं,” त्या रडत हसल्या. “गोळ्या दिल्यात.”

मग मायलेकी मनसोक्त बोलल्या. अंधार पडला तरी शेठ जनरेटरपाशी स्टुलावर बसून होते.

बाई एसटीला गेल्यावर मी म्हटलं, “शेठ, चहा-भजी सांगतो.”

“आता सकाळीच,” ते म्हणाले.

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. शेठ जैन, सूर्यास्तानंतर अन्न घेत नसत. घरचं ताट सोडून ते इथं उपाशी बसले होते आणि त्याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. मला भरून आलं. त्यांचे ते उपकार मी आजही मानतो.

नवी बॅटरी आली. बाईंना सांगितलं, वर रुमाल नको, भरली की चार्जर काढायचा. तरी दोन-तीन वर्षांत हीसुद्धा थकणारच.

बॅटरीला सहा महिन्यांची वॉरंटी लिहून दिली. शेजाऱ्याची वॉरंटी कुणी लिहून देत नाही. तो कसा आहे, ते वीज गेल्यावरच कळतं.