दार लावलं तो रविवार

माझ्या घराले आता दार नाही, नुसती चौकट आहे. लोक विचारतात, बुढ्या, वाघाच्या मुलखात असा काऊन राहतं?

तिसरीनंतर मी शाळा पाहिली नाही. वाचतो तो फक्त नवा करार, ओळीखाली बोट ठेवून. पण परक्याले घरात घ्या, हे येशूचं म्हणणं समजायले चौथी लागत नाही. चंद्रपूरच्या कॉलेजात शिकणारा सुदानचा एक पोरगा आमच्या गावाच्या टोकाले खोली करून राहत होता. चहाच्या टपरीवर त्याच्या बाकावर कोणी बसत नसे. मी बसलो. म्हटलं, "रविवारी जेवाले ये."

तो मुसलमान. कोंबडी त्याच्या रीतीने कापलेली पाहिजे म्हणून मी ती बगलेत धरून बाजारातल्या मुसलमान खाटकाकडे जाई. जेवणाआधी दार सताड उघडं ठेवून मी मोठ्याने प्रार्थना करी. माझा बाप म्हणे, लावल्या दाराआड चोर जेवतो. जेवल्यावर येशूची एखादी गोष्ट सांगे. पोरगा मोडक्या हिंदीत विचारी, "बाबा, आपके येसू को भी मच्छी पसंद थी?" आणि आमची बुढी तोंडाले पदर लावून हसे. तो येशूकडे येईल अशी आशा मले होती, लपवत नाही. पण नाही आला असता तरी रस्सा तेवढाच वाढला असता.

मग समोरच्या मोहाच्या झाडाखाली रविवारी एक मोटारसायकल उभी राहू लागली. दोघं बसून नुसते पाहत. मी हाक मारी, "या जेवाले!" ते हलत नसत. पुढे गाड्या दोन झाल्या. दूधवाली बोलेनाशी झाली. शेजारी कुंपणापाशी येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, धरम बदलवून राह्यले अशी तक्रार गेली तं त्या पोराले विमानात बसवून देतील. परीक्षा तोंडावर आहे त्याची."

"माह्या घरी कोन जेवते ते मी ठरवीन."

"ठरवा ना. तुमचं काय जाते? भोगन तो."

पुढच्या रविवारी पोरगा मागून, शेताच्या धुऱ्यावरून आला. बुटाले चिखल. ताटावर बसला, पण हात भाताले लागेना.

"बाबा, आज दरवाजा बंद करो."

मोहाखाली कोणीतरी मोबाइल वर धरला होता. मी प्रार्थनेले तोंड उघडलं आणि पोराकडे पाहिलं. तो ताट घेऊन भिंतीकडे सरकला होता. उठलो, दार लावलं, कडी घातली. जन्मात पहिल्यांदा मनातल्या मनात प्रार्थना केली.

आमेन व्हायच्या आत अंगणात पावलं वाजली. दारावर थाप पडली.

"ए बुढ्या! दार काऊन लावलं बे? काय चालू आहे आत?"

इतके रविवार दार उघडं होतं, तेव्हा एकही जण पायरी चढला नव्हता. मी कडी काढली. मोबाइल आधी आत आला, माणसं मागून. पोराचा चेहरा, त्याचं ताट, फळीवरचं माझं पुस्तक, सगळं त्यांनी टिपलं.

आठवड्याच्या आत त्याच्या खोलीले कुलूप लागलं. परीक्षा देता आली की नाही, कोणी सांगत नाही. दार मी स्वतः उतरवलं.

त्या खोलीत आता दुसरा परदेशी पोरगा आला आहे. काल मी टपरीवर त्याच्या बाकावर जाऊन बसलो. मोटारसायकल आमच्या आधीच तिथे उभी होती.