मधला कप्पा

"मी इचारीन, पर दगडाला इचारीन, तुमाला न्हाई."

साळूबाई हे दिराला म्हणाली तेव्हा तिच्या हातात भाकरीची दुरडी होती आणि घरातले पुरुष जेवत होते. दीर नाथाजीचा घास हातातच राहिला. सासरे हंबीरराव खाली मान घालून कालवण भुरकत राहिले.

नाथाजीनं विचारलं होतं ते एवढंच, की दादाची क्रिया कधी करायची. दादा म्हणजे आकाराम, साळूबाईचा नवरा, पलटणीत नाईक. सिंगापूर पडलं तेव्हा तो तिकडं होता. तो बेपत्ता असल्याचं पलटणीकडून कळलं, पुढं काहीच कळलं नाही. त्याला दुसरं वर्ष सरत आलं होतं.

नाथाजीचंही चुकत नव्हतं. त्याच्या लेकीची, अंजनाची, सोयरीक दोनदा जमून मोडली होती. दुभती म्हैस उभ्या उभ्या गेली होती. वडूजच्या पलीकडं येरळा नदीच्या काठचं ते गाव. तिथं कुणाच्या घरात काय अडलंय ते सगळ्यांना ठाऊक. लोक म्हणायला लागले, या घरात मेलेला माणूस अडकलाय, त्याला वाट करून द्या. नाहीशा झालेल्याची बारा वर्षं वाट बघायची रीत आहे, हे साळूबाईनं सांगून पाहिलं.

"ती घर सोडून गेलेल्याची, वैनी," नाथाजी म्हणाला. "लडाईत गेलेल्याची न्हवं."

क्रिया झाली की तिचं कुंकू जाणार, हे मात्र कुणी तोंडानं बोललं नाही.

साळूबाई मूळची आष्ट्याची. हाडापेरानं मोठी, पावलं गड्यासारखी रुंद, आवाज घोगरा. नवरा सुट्टीवर यायचा तेवढाच तिचा संसार. मूल झालं नाही. अंजनाला तिनंच अंगाखांद्यावर वाढवलं. रानात ती दोघांचं काम ओढायची आणि कुणी कौतुक केलं तर तिला राग यायचा.

गावच्या महादेवाच्या देवळापुढं एक वीरगळ आहे. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाचा दगड. खालच्या कप्प्यात तो लढत असतो, बहुतेक वेळा गाई वाचवण्यासाठी. मधल्या कप्प्यात दोन अप्सरा त्याला वर घेऊन जातात. वरच्या कप्प्यात तो महादेवापुढं हात जोडून बसलेला, आणि शेंड्यावर चंद्रसूर्य. कोण होता, कुणाशी लढला, कुणालाच माहीत नसतं. बायका त्याच्यावर धुणं वाळत घालतात.

बेपत्ताची बातमी आली त्या दिवशी साळूबाई देवळात गेली, पण महादेवापर्यंत पोचली नाही. बाहेरच या दगडापुढं बसली. त्याला कपाळ टेकलं, डोळे मिटले, श्वास संथ होईपर्यंत तशीच राहिली. मग रोज जायला लागली. तिच्या अंगात येत नव्हतं. ती घुमायची नाही, केस सोडायची नाही. उठली की काय दिसलं ते बाजाराचा भाव सांगावा तसं सांगायची. हरवलेल्या गुरांचं विचारायला बायका आल्या, त्यांना तिनं हाकललं. हे आपल्यापुरतं आहे म्हणाली.

एकदा तिला एक वेगळाच दगड दिसला. खाली गाई, वर चंद्रसूर्य, आणि मधला कप्पा मोकळा.

"त्यो अजून वर गेला न्हाई," ती म्हणाली. "त्यो दगुड सापडला की समजंल."

"ल्हानपणी बघितलेलं सपनात येतंय तुमच्या," नाथाजी म्हणाला.

"आष्ट्यात असला दगुड न्हाई."

"मग कुटं हाय?"

"गाई दावतील तिकडं."

ही तिनं काढलेली खूण होती. खालच्या कप्प्यातल्या गाईंची तोंडं ज्या दिशेला, त्या दिशेला पुढचा दगड. तिथल्या गाई दाखवतील तिकडं त्याच्या पुढचा. जुन्या लोकांनी वाट अशीच लपवून ठेवलीय, आणि ती फक्त वाट हरवलेल्यालाच दिसते, अशी तिची खात्री होती. गाव हसलं. साळूबाई दगडाची गुरं वळायला निघाली, असं पाणवठ्यावर बोललं जाऊ लागलं.

तिनं सासऱ्यांपुढं पदर ओढून बोली केली.

"मामंजी, माघातल्या अवसंपतूर मला जाऊ द्या. कप्पा मोकळा निघाला तर क्रिया न्हाई. बारा वर्सं कुनी नाव काढायचं न्हाई. भरलेला निघाला तर मी आडवी येनार न्हाई."

नाथाजीला ते पटलं. हंबीरराव पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आलेले पेन्शनर. त्यांनी खुंटीवरचा खाकी कोट काढला आणि झटकला.

"बाईमानूस एकलं कसं जाईल? मी संगं येतो," ते म्हणाले. "आन पोरगा माजा हाय."

गावातल्या गाई दक्षिणेला पाहत होत्या. दोघं दक्षिणेला चालू लागले. एका गावात वीरगळ देवळापुढं मिळाला, दुसऱ्यात विहिरीच्या बांधकामात, तिसऱ्यात उकिरड्यात उपडा. तो साळूबाईनं पहारीनं उलथला. मधला कप्पा सगळीकडं भरलेला. ती कपाळ टेकायची, गाई बघायची, उठायची. हंबीररावांचे पाय सुजले तेव्हा त्यांना कुणाच्या ओसरीवर बसवून ती पुढं जाऊन यायची आणि मग त्यांना घेऊन पुन्हा तीच वाट चालायची.

"अगं पर हे दगुड कुनीतरी उचलून आनून रवल्यात," हंबीरराव एकदा म्हणाले. "मूळचं त्वांड कुटं व्हतं कुनाला ठावं?"

"रवनाऱ्यानं बी दगडाच्या मनापरमानंच रवला आसंल."

"बसऱ्याला आमचा सायेब नकाशा उलटा धरायचा. त्येला बी असंच वाटायचं."

"मग पोचला का न्हाई तुमी?"

"पोचलो की. पर दुसऱ्याच गावात."

आष्ट्याला तिच्या माहेराच्या शेजारी तात्या राहायचे. जुने मास्तर, देवळांचा आणि शिलालेखांचा नाद असलेले. त्यांनी दोघांना ओसरीवर बसवून चहा दिला आणि सगळं नीट ऐकून घेतलं.

"साळू, पाथरवटांचा एक ठरलेला नमुना असे," ते म्हणाले. "खाली लढाई, मध्ये स्वर्गाची वाट, वर पूजा. हा जिल्हा आणि पलीकडचा, दोन्ही मी पालथे घातलेत. मधला कप्पा मोकळा असलेला वीरगळ मी पाहिलेला नाही."

"म्हंजी असला तर एकच आसंल," साळूबाई म्हणाली. "वळकायला सोपा."

तात्या हसले. मग त्यांना हसल्याचं वाईट वाटलं असावं, कारण वेशीपर्यंत पोचवायला ते स्वतः आले.

आष्ट्यातल्या गाई पूर्वेला पाहत होत्या. कृष्णेचा पूल ओलांडून दोघं सांगलीला आले. तिथून पुढं, लढाईमुळं पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या धुरावर चालणारी मोटार. ती चढाला दम टाकायची, मग उतारूंनी उतरून ढकलायची. हंबीरराव बाजूला उभे राहून हुकूम सोडायचे आणि साळूबाई ढकलायची. मिरजेच्या पुढं कानडी कानावर पडायला लागली, जमीन उघडी होत गेली. एका गावातल्या दगडावर गाई दोन्हीकडं तोंडं करून उभ्या होत्या. हंबीरराव म्हणाले, झालं, आता परत फिरू. साळूबाई त्या दगडापाशी ऊन उतरेपर्यंत बसली. उठली आणि म्हणाली, "मागं एकच गाय बगतीया. बाकीच्या पुढं."

कवठे महांकाळच्या अलीकडं, माळावरच्या एका लहानशा देवळात तो दगड होता.

गाभाऱ्याच्या भिंतीतच तो बसवलेला होता आणि लोक त्याला देव म्हणून पूजत होते. उंबऱ्याबाहेरून समईच्या उजेडात साळूबाईला खालच्या गाई दिसल्या, वर चंद्रसूर्य दिसले, अगदी तिनं पाहिले होते तसे. आणि मध्ये काही नव्हतं. लाल, गुळगुळीत, मोकळी जागा. तिनं दाराची चौकट घट्ट धरली.

"घावला," हंबीरराव पुटपुटले. "पोरी, घावला गं. मोकळा हाय."

साळूबाईनं उंबऱ्यावरून आत वाकून पाहिलं.

"त्यो शेंदूर हाय, मामंजी," ती म्हणाली. "आत काय हाय ते बगाय पायजे."

देवळाचा गुरव हरिबा तिथंच वाती वळत बसला होता. खरवडायचं नाव काढताच तो उठून आडवा उभा राहिला.

"खरवडलं तर गाव मला जित्ता ठेवायचं न्हाई. बापजाद्यांनी थापलेला शेंदूर हाय ह्यो." मग म्हाताऱ्याच्या पायांकडं बघून तो जरा नरमला. "कडंला कवच सुटलंय. खालनं हात जातुया. पर गडीमानसानं. आंगूळ करून. बाईनं न्हाई."

हंबीररावांनी विहिरीवर अंघोळ केली आणि ओल्या धोतरानं आत गेले. शेंदराच्या कवचाखाली त्यांचा हात मनगटापर्यंत गेला. साळूबाईला त्यांची पाठ दिसत होती. पाठ हलत नव्हती. हरिबाची वात वळून झाली, दुसरी झाली. मग हात बाहेर आला.

"मोकळा हाय," ते उंबऱ्यावर येऊन म्हणाले. "सपाट. हाताला काय बी लागत न्हाई. माजा आकाराम जित्ता हाय, पोरी."

ते रडत होते, आणि बोटं धोतराला पुसत होते. पुसून झाली तरी पुसत होते.

साळूबाईनं उंबरा ओलांडला.

"आवं बाई! इटाळ! आवं म्हाताऱ्या, सून आवर तुजी!" हरिबा ओरडला. तिनं मागं पाहिलं नाही. कवचाखाली हात सरकवला. आधी तिच्या बोटांना एक कोपर लागला, बांगडी कोरलेला. मग कुणाच्या तरी केसांचा अंबाडा. पलीकडंही तसाच कोपर. आणि दोघींच्या मध्ये एक माणूस, गुडघे दुमडलेला, नाकाखाली मिशीची धार. तिनं त्या मिशीवरून बोट फिरवलं. मग पुन्हा एकदा फिरवलं.

तिला दिसलेला दगड खरा होता. मोकळं दिसलं तो शेंदूर होता.

ती बाहेर आली तेव्हा हंबीरराव पायरीवर बसले होते. त्यांनी वर पाहिलं, पण तिच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

"मोकळाच हाय न्हवं?"

"चला मामंजी," ती म्हणाली. "मोटार चुकंल."

परतीच्या वाटेवर म्हातारा बोलत राहिला. आकाराम आला की त्याला पुन्हा पलटणीत जाऊ द्यायचं नाही. विहिरीवरचा तुकडा त्याच्या नावानं करायचा. त्याला गूळ-शेंगा लय आवडतात, यंदा शेंगा राखून ठेवायच्या. साळूबाई हुंकार देत होती. मोटार चढाला थांबली की उतरून ढकलत होती. सांगलीला पुलावर चढताना तिनं सासऱ्यांना हात दिला आणि पैलतीरी पोचेपर्यंत तो तसाच धरून ठेवला.

अवसेच्या सकाळी दोघं गावात शिरले. अंगण सारवलेलं होतं. नाथाजीनं तयारी ठेवली होती; वडूजहून भटजी आले होते, चार भाऊबंद जमले होते. पाटावर, देह नसला की जाळण्यासाठी करतात तसं, पळसाच्या देठांचं एक माणूस निजवलं होतं. डोक्याच्या जागी नारळ, हातपाय सुतानं बांधलेले, अंगावर पांढरा कपडा. अंजना दाराआड उभी होती.

"मोकळा निघाला!" हंबीरराव फाटकातूनच ओरडले. "उचला ते. इस्कटा समदं!"

नाथाजी बापाजवळ आला.

"आबा, तुमी सोता बगितलं?"

"ह्या हातानं."

भटजींनी नाथाजीकडं पाहिलं. "मग, नाथाजीराव? काय करायचं आता?"

नाथाजीनं दाराकडं एकदा पाहिलं. अंजनानं मान खाली घातली.

"शबूद दिलाय," तो म्हणाला. "बारा वर्सं नाव काढायचं न्हाई." आणि तो गुडघ्यावर बसून त्या देठांच्या माणसाचं सूत सोडायला लागला. पहिली गाठ सुटली.

भिंतीकडच्या बायकांतून कुणीतरी म्हणालं, "जिकली बया."

साळूबाई पुढं आली. तिनं नाथाजीच्या हातावर हात ठेवला आणि तो बाजूला केला. सुटलेली गाठ तिनं पुन्हा बांधली, दातानं ओढून घट्ट केली.

"साळू," हंबीरराव म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तुला बी मोकळाच लागला न्हवं?"

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्या कोटाचं वरचं बटण निसटलं होतं, ते तिनं लावलं. मग खाली वाकून दोन्ही हातांनी ते देठांचं माणूस उचललं, नारळ कोपराच्या वळणात घेतला. ते वजनाला काहीच नव्हतं.

"अहो, बाईमाणसानं नदीवर, स्मशानात..." भटजी म्हणाले. दारातली माणसं आपोआप बाजूला सरकली. साळूबाई त्यांच्यामधून, येरळेच्या दिशेनं, बाहेर पडली.