पालथा त्रिकोण

आठवीपर्यंत माझ्या कंपासपेटीत चिंचा असत. कर्कटकाने बाकावर नाव कोरायचं, गुण्याच्या भोकातून फळ्याकडे बघायचं, यापलीकडे त्या अवजारांशी माझं काही देणंघेणं नव्हतं. आधीच्या गुरुजींनी भूमिती आमच्या तळहातांवरच शिकवली होती. मग नववीत आमच्या कवठे महांकाळच्या शाळेला माण तालुक्याकडचे एक सर आले. सडपातळ, सायकलवरून येणारे, आणि शिकवताना रंगात आले की पुस्तकी मराठी सोडून घरच्या बोलीवर उतरणारे. त्यांनी पट्टी फक्त रेघ मारायला वापरली. तेवढ्यावर सगळा वर्ग त्यांच्यावर खूश झाला.

पण सरांची नेमणूक दिवाळीपर्यंतचीच होती. पुढे त्यांना ठेवायचं की नाही, हे मुख्याध्यापक ठरवणार होते, आणि त्यासाठी शुक्रवारी आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसून ते सरांचा एक तास बघणार होते. ही बातमी शिपाईमामांनी फोडली. मुख्याध्यापक मूळचे हिंदीचे शिक्षक. भूमितीशी त्यांचं विशेष सख्य नव्हतं, पण त्यांची भुवई वर गेली की भल्याभल्यांची बोलती बंद होई.

सर गेले तर तळहात पुन्हा गुरुजींच्या ताब्यात जाणार, हे उघड होतं. आणि खरं सांगायचं तर मला ते सर फार आवडायचे. वर्गातली पुढारी मीच, म्हणजे मला तसं वाटायचं. मी ठराव मांडला की त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज एकशे ऐंशी अंश असते, हे शुक्रवारचं प्रमेय सगळ्यांनी तोंडपाठ करायचं. मुख्याध्यापकसाहेबांना गार करून टाकायचं.

आता पाठांतर म्हटलं की आम्हाला एकच तऱ्हा ठाऊक. लहानपणापासून दिवेलागणीला हातपाय धुऊन पाढे म्हणत आलेलो. तीच चाल, तोच हेल, तेच मान डोलावणं. मधल्या सुट्टीत चिंचेखाली बसून आम्ही पक्ष, साध्य, रचना, सिद्धता बे एके बेच्या चालीवर बसवलं. 'शिरोबिंदू एमधून बीसीला समांतर रेषा काढली' ही ओळ तर ठेक्यात इतकी फक्कड बसली की मुलं डबे वाजवायला लागली. सरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्ही त्यांना चकित करणार होतो.

तसं आम्ही केलंच. शुक्रवारी साहेब मागे बसले. सरांनी फळ्यावर त्रिकोण काढला, पण रोजच्यासारखा पायावर उभा नाही. टोक खाली, पाया वर, आणि कोपऱ्यांना पी, क्यू, आर. खाली टोकाला आर. मग ते वळून म्हणाले, सिद्धता कोण सांगेल? सांगणार सगळेच होते. मी मान हलवून खूण केली आणि वर्ग सुरू झाला. त्रिकोण एबीसीमध्ये, शिरोबिंदू एमधून, बीसीला समांतर. माना डोलत होत्या. फळ्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं, माझंसुद्धा नाही. मागे साहेबही डोलत होते, भुवया अगदी जागेवर. आमचं काम फत्ते झालं होतं.

सर नुसते गप्प राहिले असते तरी चाललं असतं. त्यांनी हात वर केला. ठेका अडखळत थांबला.

"फळ्यावर बघा," ते म्हणाले. "ह्यात ए कुठं हाय?"

ए कुठेच नव्हता. मागे वळून बघायची हिंमत कुणाला झाली नाही, पण साहेबांची भुवई कुठवर गेली असेल ते सगळ्यांना कळलं. आपण सरांची नोकरी घालवली, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं, आणि मला रडू यायला लागलं.

सरांनी टेबलावरचं जुनं वर्तमानपत्र उचललं, त्याचे तुकडे केले आणि सगळ्यांना वाटले, साहेबांनाही. म्हणाले, ह्यातून वाट्टेल तसा त्रिकोण कापा, उभा, पालथा, वाकडा, कसाही. मग तिन्ही कोपरे फाडा आणि टोकाला टोक लावून शेजारी शेजारी ठेवा. मी कापला तो फारच विचित्र निघाला, एका बाजूला झुकलेला. तरी त्याचे कोपरे एकमेकांना बिलगले आणि खाली सरळ रेघ तयार झाली. शेजारणीचीही झाली. सगळ्या वर्गात खसफस सुरू झाली आणि पहिल्यांदाच ती ठेक्यात नव्हती. घंटा झाली तेव्हा साहेब कागदाचे कपटे खिशात कोंबून निघून गेले.

मधल्या सुट्टीत खडूची पेटी ठेवायला मी भीत भीत साहेबांच्या खोलीत गेले. ते डबा खात होते. डब्यात घडीच्या पोळ्या, तीन कोपऱ्यांच्या. एका पोळीचे तिन्ही कोपरे फाडून त्यांनी झाकणावर शेजारी शेजारी मांडले होते आणि त्यांच्याखाली फूटपट्टी लावून बघत होते. भाजी तशीच गार होत पडली होती. मला बघून त्यांनी फूटपट्टी बाजूला केली.

"पोळीचंबी तेवढंच भरतंय," ते म्हणाले. "जा, तुमच्या सरांना विचारून ये, दिवाळीनंतर चौकोन कोण शिकवणार? मी?"